जुन्या हार्डडिस्कचे ड्राइव्ह विंडोज ११ मध्ये दिसत नाहीत, फॉर्मॅट मारावी का?

नको. फॉर्मॅट मारू नका, आणि ज्या दुकानात तसं सांगितलं तिथे ही डिस्क ठेवूनही येऊ नका.

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. २०११ च्या लॅपटॉपमध्ये विंडोज ७ होती. मदरबोर्ड गेला म्हणून आतली ५०० जीबीची हार्डडिस्क काढून घरच्या डेस्कटॉपला सॅटा केबलने जोडली. डेस्कटॉपवर विंडोज ११ आहे. बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगच्या पानावर) डिस्कचं नाव येतं, पण 'धिस पीसी'त तिचा एकही ड्राइव्ह नाही. डी ड्राइव्हमध्ये वडिलांच्या कीर्तनांची रेकॉर्डिंग आहेत, दुसरी कॉपी कुठेच नाही. दुकानदार म्हणतो, पार्टिशन (डिस्कचे पाडलेले भाग) उडालेत.

तुम्ही सहज लिहून गेलेलं एक वाक्य मी तीनदा वाचलं: लॅपटॉप घेतला तेव्हा फक्त सी होता, डी आणि ई भावाने नंतर काढले. दुखणं तिथेच असावं असं मला वाटतं. माझ्या स्वतःच्या डिस्कचं अगदी हेच झालं होतं.

त्या काळच्या डिस्कवर पार्टिशनची नोंद एमबीआर (मास्टर बूट रेकॉर्ड) पद्धतीने व्हायची. डिस्कच्या पहिल्याच ५१२ बाइटच्या सेक्टरमध्ये, म्हणजे कप्प्यात, त्यासाठी ६४ बाइट राखलेले असतात, १६-१६ बाइटच्या फक्त चार ओळी. म्हणजे प्रायमरी पार्टिशन चारच. विंडोज ७ चे बरेच ब्रँडेड लॅपटॉप कंपनीतूनच या चारही ओळी भरून यायचे: एक छोटं सिस्टीमचं, एक सी, एक रिकव्हरीचं आणि एक कंपनीच्या टूल्सचं. आपल्याला दिसायचा सी. मग आपण आपल्याकडच्या रिवाजाप्रमाणे सी आक्रसून घ्यायचो आणि उरलेल्या जागेत डी करायला जायचो. पाचव्या पार्टिशनला ओळच शिल्लक नाही, तेव्हा विंडोज एक इशारा दाखवायची: ही डिस्क बेसिकची डायनॅमिक होईल, चालेल का? खाली येस आणि नो. येस दाबलं की डी तयार, काम झालं.

मीही २०१२ मध्ये तेच येस दाबलं. माझं डीटीपीचं काम आहे, लग्नपत्रिका, अहवाल, दिवाळी अंकांची पानं. नव्या ड्राइव्हवर पाच वर्षं पेजमेकरच्या (पानं लावायच्या सॉफ्टवेअरच्या) फाइली साठत गेल्या आणि कधी काही बिघडलं नाही. २०१७ मध्ये एसएसडी घेऊन तिच्यावर विंडोज १० टाकली, जुनी डिस्क शेजारी जोडली, आणि सगळे ड्राइव्ह गायब. ऑक्टोबर महिना होता, एका अंकाची ऐंशी पानं त्यात होती. त्या दिवशी मला जे कळायला हवं होतं तेच तुम्हाला लिहितोय.

डायनॅमिक डिस्कवर त्या चार ओळींवरून काहीच कळत नाही. तिथे फक्त 'ही डायनॅमिक आहे' एवढी खूण असते. कुठला ड्राइव्ह कुठून कुठपर्यंत याचा खरा नकाशा डिस्कच्या अगदी शेवटी, १ एमबीच्या जागेत असतो, आणि ही डिस्क कुठल्या कॉम्प्युटरच्या गटातली हेही तिथेच लिहिलेलं असतं. नवी विंडोज तो नकाशा वाचते, मालक दुसराच आहे असं तिला दिसतं आणि ती डिस्क परकी ठरवून बाजूला ठेवते. सातबाऱ्यावर आपलं नाव चढलेलं नाही म्हणून जमीन कुठे जात नाही. फेरफार तेवढा करून घ्यायचा असतो.

आता स्टार्ट बटणावर राइट क्लिक करून डिस्क मॅनेजमेंट उघडा. खालच्या अर्ध्या भागात प्रत्येक डिस्कची एक आडवी पट्टी असते आणि पट्टीच्या डाव्या टोकाला राखाडी चौकोन. ५०० जीबीवाली (तिथे ४६५ जीबीच्या आसपास दिसेल) शोधा आणि चौकोनातले शब्द वाचा. 'डायनॅमिक' आणि त्याखाली 'फॉरेन' असेल, तर माझा अंदाज बरोबर.

त्या चौकोनावर राइट क्लिक केलं की 'इंपोर्ट फॉरेन डिस्क्स' येतं. त्याच मेनूत 'कन्व्हर्ट टू बेसिक डिस्क' हेही असतं, आणि त्याला चुकूनही हात लावू नका. नाव वाचून वाटतं की डायनॅमिकमुळे अडचण आहे तर बेसिक केली की सुटेल. माझाही कर्सर त्याच्यावर जाऊन थांबला होता. त्याने सगळ्या ड्राइव्हची नोंद पुसली जाते.

पण इंपोर्टही आज लगेच करू नका. इंपोर्ट करताना विंडोज त्या शेवटच्या नकाशात नवीन मालकाची नोंद लिहिते, म्हणजे डिस्कवर थोडं का होईना लिखाण होतं. एकुलती एक कॉपी असताना चौदा-पंधरा वर्षांच्या डिस्कवर आधी काहीच लिहू नये. क्रिस्टलडिस्कइन्फो हे फुकट सॉफ्टवेअर टाकून डिस्कची तब्येत बघा. 'रिअलोकेटेड सेक्टर्स' आणि 'करंट पेंडिंग सेक्टर' या दोन ओळींत शून्य असेल तर ठीक. पेंडिंगमध्ये आकडा दिसला, किंवा डिस्क कटकट वाजत असली, तर ती बंद करा आणि डेटा रिकव्हरीचंच काम करणाऱ्या माणसाकडे न्या. तो पहिल्यांदा डिस्कची प्रत काढेल आणि पुढचं सगळं प्रतीवर करेल. तसं न करता थेट मूळ डिस्कवर बसणाऱ्याला डिस्क देऊ नका.

तब्येत ठीक असेल तर सगळ्यात निर्धोक वाट मला लिनक्सची, म्हणजे विंडोजऐवजी चालणाऱ्या मोफत सिस्टीमची, वाटते. उबुंटू या लिनक्सचा पेनड्राइव्ह करून त्यावरून कॉम्प्युटर सुरू करा, 'ट्राय उबुंटू' निवडा, इन्स्टॉल नव्हे. इथेही सुरुवातीला डी-ई दिसले नाहीत तर घाबरू नका. 'एलडीएमटूल' नावाचं पॅकेज टाकून 'एलडीएमटूल क्रिएट ऑल' ही आज्ञा अ‍ॅडमिनच्या अधिकाराने दिली की ते शेवटचा नकाशा वाचून आतले ड्राइव्ह उभे करतं, डिस्कवर काही न लिहिता. मग ते फक्त वाचण्यापुरते, म्हणजे रीड-ओन्ली, माउंट करा (जोडून उघडा) आणि कीर्तनांचं फोल्डर बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्या.

टर्मिनलची, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीची, सवय नसेल तर दुसरी वाट. तेवढ्याच किंवा मोठ्या दुसऱ्या डिस्कवर सेक्टर-टू-सेक्टर क्लोन (हुबेहूब प्रत) करून घ्या, मूळ डिस्क काढून कपाटात ठेवा आणि इंपोर्ट क्लोनवर करा. त्या वेळी एक खिडकी उघडते, तिच्यात सापडलेल्या ड्राइव्हची यादी आणि प्रत्येकासमोर स्थिती असते. सगळीकडे 'ओके' असेल तर पुढे जा. 'डेटा इनकम्प्लीट' असं काही दिसलं तर कॅन्सल करा आणि मला इथेच लिहा.

माझ्याकडे यादीत सगळ्या ओळी ओके होत्या. बटण दाबल्यावर दोनेक सेकंदांत काळपट हिरव्या पट्ट्यांत एकेक ड्राइव्ह उमटला. ते दृश्य मला अजून दिसतं. बेसिक डिस्कच्या पट्ट्या निळ्या असतात, डायनॅमिकच्या शेवाळी. त्या रंगाने बिचकू नका. ड्राइव्हची अक्षरं मात्र बदललेली असू शकतात, कारण जुनं अक्षर नव्या कॉम्प्युटरवर आधीच दुसऱ्या ड्राइव्हला लागलेलं असेल तर विंडोज पुढचं मोकळं अक्षर देते. माझा ई एफ झाला आणि पेजमेकरने सगळ्या चित्रांच्या लिंक तुटल्याचं सांगितलं. अक्षर पुन्हा ई केल्यावर सगळी चित्रं जागेवर आली.

चौकोनात 'फॉरेन' नसून वेगळंच काही असेल तर घाईने काही दाबू नका. निळी पट्टी, 'हेल्दी' लिहिलेलं आणि फक्त अक्षर नाही, हे सगळ्यात सोपं: पट्टीवर राइट क्लिक करून अक्षर द्या. 'ऑफलाइन' असेल तर राइट क्लिक करून 'ऑनलाइन' करा. मूळ डिस्क आणि क्लोन एकाच वेळी जोडले की दोघांची ओळख-सही एकच असल्यामुळे असं होतं, म्हणून दोन्ही एकदम जोडू नका. डिस्क इनिशियलाइझ करायची का असं विचारलं तर कॅन्सल. 'रॉ' (विंडोजला आतलं वाचता येत नाही) किंवा काळी 'अनअलोकेटेड' पट्टी असेल तर टेस्टडिस्क हे मोफत सॉफ्टवेअर हरवलेली पार्टिशन शोधून आतल्या फाइलींची नावं दाखवतं आणि कॉपीही करू देतं. त्यातला 'राइट' हा पर्याय फाइली कॉपी झाल्याशिवाय वापरू नका.

आणखी एक. सॅटाऐवजी एखाद्या यूएसबी केसमध्ये घालून जोडून बघा असं कुणी सुचवलं तर नको म्हणा. डायनॅमिक डिस्क आणि यूएसबी यांचं जमत नाही. शिवाय काही केस ५१२ बाइटचे सेक्टर ४०९६ बाइटचे असल्यासारखे दाखवतात, मग चांगली डिस्कही रिकामी दिसते.

फाइली उतरल्या की फक्त नावं बघून थांबू नका. दोन-तीन कीर्तनं पूर्ण लावून ऐका, मधली आणि शेवटची मिनिटंही. दुसरी कॉपी वेगळ्या डिस्कवर करा, ती बहिणीकडे किंवा भावाकडे राहू द्या. हे सगळं होईपर्यंत जुनी डिस्क पुसू नका आणि दुसऱ्या कामाला काढू नका. आज रात्री एवढंच करा: डिस्क मॅनेजमेंट उघडा, त्या राखाडी चौकोनाचा फोटो काढा आणि इथे टाका. मी बघून सांगतो.