वाचक विचारतात : उत्तर एक रात्र थांबू द्या

प्रश्न : स्टायनर (वॉल्डॉर्फ) पद्धतीच्या शाळेत मी सहावीला ध्वनी शिकवते. प्रयोग सुरू होतो न होतो तोच दोन-तीन मुलं ‘कंपनामुळे!’ असं ओरडतात आणि बाकीचा वर्ग ढिला पडतो. शिवाय कडेला व्हायोलिनचा गज ओढला की पितळी पत्र्यावर वाळूच्या आकृत्या उमटायला हव्यात, तिथे नुसते ढीग होतात. काय चुकतंय?
(एक शिक्षिका, ठाणे)

उत्तर : आधी पत्र्याकडे बघू. जे धड दिसलंच नाही त्याचं नवल मुलांना वाटणार कसं? जर्मन शास्त्रज्ञ क्लाड्नी यांनी १७८७ साली या आकृत्या प्रसिद्ध केल्या, आणि आजही सगळी मदार हाताच्या सफाईवर आहे. पत्रा चौरस घ्या, बाजू साधारण २५ सेंमी, जाडी एक ते दीड मिमी. बरोबर मध्यावर भोक पाडून तो खांबावर बोल्टने घट्ट आवळा. बोल्ट सैल राहिला तर पत्रा खडखडतो, सूर धरत नाही. कडा कानशीने गुळगुळीत करा, नाहीतर गजाचे केस तुटतात. व्हायोलिनच्या गजाला राळ सढळ हाताने लावा. राळ कमी पडली की गज नुसता घसरतो. गज कडेला लावून वरून खाली एका संथ ओढीत न्या. घाईघाईने मागेपुढे केलात तर आकृती जुळता जुळताच मोडते.

वाळू बारीक चाळलेली आणि कढईत भाजून कोरडी केलेली हवी. पत्र्यावर ती विरळ भुरभुरा. तुमचे ढीग बहुधा जास्त वाळूमुळे किंवा दमट हवेमुळे होत असावेत. मीठ पावसाळ्यात अजिबात नको. रांगोळीची अगदी बारीक पूडही टाळा. वाळू पत्र्याच्या स्थिर जागी साठते, पण ही पूड पत्र्याजवळच्या हवेच्या प्रवाहात हलणाऱ्या जागीच गोळा होते आणि सगळाच गोंधळ उडतो. (इंग्रज शास्त्रज्ञ फॅरेडे यांनी १८३१ मध्ये हेच कोडं सोडवलं. पण ते सहावीत काढू नका.)

आता बोट कुठे टेकवायचं ते. एका बाजूच्या मध्याला बोट टेकवून कोपऱ्याजवळ गज ओढा, अधिकच्या चिन्हासारखी रेघ येईल. कोपऱ्याला बोट आणि बाजूच्या मध्याला गज, असं उलट केलंत की फुली उमटेल. वर्गात नेण्याआधी दोन्ही आकृत्या सलग पाच-पाच वेळा जमल्या पाहिजेत.

आता उतावळ्या उत्तरांबद्दल. पहिल्या दिवशी प्रयोग, मग साहित्य बाजूला सारून त्याची उजळणी, आणि नियमाचा विचार दुसऱ्या दिवशी, असा क्रम या पद्धतीचे प्रवर्तक रुडॉल्फ स्टायनर यांनी जून १९२१ मध्ये जर्मनीतल्या स्टुटगार्टच्या शाळेतील शिक्षकांना सांगितला होता. तुमचा बहुतेक हा मधला टप्पाच निसटतो आहे. आकृती उमटल्यावर पत्रा कापडाने झाका. ‘आधी काय दिसलं? आवाज वाळूच्या आधी आला की नंतर?’ एवढंच विचारा. ‘कंपन’ म्हणणाऱ्याला गप्प करू नका. त्याचा शब्द फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवा आणि ‘उद्या बघू’ म्हणा. दुसऱ्या दिवशी साहित्य न काढता मुलांकडून सगळं क्रमवार सांगून घ्या, मग विचारा : वाळू जिथे साठली ती जागा हलत होती की स्थिर होती? शब्द ठाऊक असणारी मुलंही बहुधा ‘हलत होती’ म्हणतात. तिथे वर्ग पुन्हा जागा होतो. मग पत्रा उघडा, वाळू न टाकता गज ओढा आणि कोपऱ्यावर, बाजूच्या मध्यावर कागदाचा हलका कपटा टेकवून मुलांनाच तपासू द्या. वहीत नियम उतरेल तो त्यानंतर.

प्रश्न : घरी मुलीबरोबर ओल्या कागदावर जलरंग करतो. दरवेळी शेवटी तपकिरी चिखल होतो. ती हिरमुसते.
(एक पालक, पुणे)

उत्तर : रंग कमी करा. पहिले काही आठवडे फक्त पिवळा, नंतर फक्त निळा, मग दोन्ही. पिवळा, निळा आणि लाल एकत्र घोळले की तपकिरीच होणार, त्यात मुलीची काही चूक नाही. जाड कागद दहा मिनिटं पाण्यात बुडवून पाटावर पसरा आणि मधून कडेकडे स्पंज दाबत न्या. पाण्याची चकाकी गेली पाहिजे, ओल राहिली पाहिजे. डबकं राहिलं तर रंग वाहून जातो. ट्यूबमधला वाटाण्याएवढा रंग तीन-चार चमचे पाण्यात कालवा. ब्रश इंचभर रुंद, चपटा. रंग बदलताना तो धुवून स्पंजावर टिपायचा, ही सवय आधी तुमच्या हाताला लागू द्या, तिचा हात बघून बघून शिकेल. पिवळ्याच्या कडेला निळा भिडून हिरवा उगवतो तेव्हा ‘बघ, हिरवा झाला!’ असं बोलू नका. ते तिला आधी म्हणू द्या. चित्र पाटावरच आडवं वाळवा.

प्रश्न : मुलगा स्टायनर शाळेत पहिलीत आहे. शाळेत महिनाभर उभ्या आणि वळणदार रेघाच चालल्या आहेत. शेजारची मुलं वाचू लागली. थांबायचं किती?
(एक आई, मुंबई)

उत्तर : रेघा म्हणजे वेळ घालवणं नव्हे. सरळ आणि वक्र या दोन रेघांतूनच पुढे प्रत्येक अक्षर घडतं. अक्षर चित्रातून काढायचं, ही स्टुटगार्टच्या पहिल्या स्टायनर शाळेपासूनची (१९१९) रीत आहे. जर्मनमध्ये माशाच्या चित्रातून ‘फ’ ध्वनीचं अक्षर निघतं. आपल्याकडे ‘ग गणपतीचा’ आहेच : आज गोष्ट आणि सोंडेचं चित्र, उद्या त्या सोंडेतून ‘ग’. घरी पाठ्यपुस्तक पुढे करून ही वाट तोडू नका. त्याऐवजी रोज गोष्ट सांगा आणि दुसऱ्या दिवशी तीच त्याच्याकडून ऐका. मात्र दुसरी संपत आली तरी ध्वनी आणि अक्षर जुळत नसतील, किंवा रेघ काढताना तो कागदाला नाक लावत असेल, तर डोळे आणि कान तपासून घ्या. तेव्हा ‘होईल आपोआप’ म्हणत बसू नका, वर्गशिक्षकांनी तसं सुचवलं तरीही.