होलोग्राम तुमचा, मास्टर मात्र व्हेंडरचा

गाड्यांचे फिल्टर बनवणाऱ्या एका वाचकांनी विचारलंय की तीन वर्षं पॅकिंगवर होलोग्राम लावतोय, आता डुप्लिकेट मालावर हुबेहूब तोच होलोग्राम दिसायला लागला, लेबल पुरवणारा व्हेंडर हात वर करतोय, तर आता कुठलं लेबल घ्यावं, क्यूआरवालं, स्क्रॅचवालं की सोलल्यावर 'व्हॉइड' (रद्द) अशी अक्षरं उमटणारं, आणि जुन्या व्हेंडरवर केस होते का. अशी पत्रं सारखी येतात, माल फक्त वेगळा असतो. बनावट माल वाईट असतो, लोगो रजिस्टर करावा वगैरे मी इथे लिहित बसत नाही, तुमचा लोगो रजिस्टर्ड आहे हे तुम्ही लिहिलंयच.

तुम्ही जुन्या व्हेंडरचं कोटेशन सोबत जोडलंत हे फार बरं केलंत. त्याच्या मागच्या पानावर मुंगीएवढ्या अक्षरात एक अट आहे, "आर्टवर्क, मास्टर, शिम व टूलिंग पुरवठादाराच्या मालकीचे राहील". मास्टर म्हणजे होलोग्रामचा मूळ साचा, शिम म्हणजे त्यावरून काढलेली छपाईची धातूची पट्टी, टूलिंग म्हणजे छपाईची बाकीची साधनं. तुम्ही ते पान उलटून पाहिलं नाही, परचेस ऑर्डर पाठवली, ऑर्डरमध्ये "तुमच्या कोटेशनप्रमाणे" असंही लिहिलंत, म्हणजे ती अट स्वतःच्या हाताने मान्य केलीत. सगळं प्रकरण इथे अडकलंय, लेबलच्या जातीत नाही.

कारण सांगतो. कॉपीराइट कायदा 1957, कलम 17, कलाकृतीचा पहिला मालक तिचा कर्ता. पैसे मोजले म्हणून मालकी येत नाही, हे लोकांना पटतच नाही. पैसे देऊन करून घेतलेला फोटो, पेंटिंग, पोर्ट्रेट, एनग्रेव्हिंग, सिनेमा यांना त्या कलमात सूट आहे, आणि होलोग्रामचं डिझाइन ओढूनताणून त्यात बसवता येईल का यावर मी कोर्टात बोलू शकेन, पण ती सूट "विरुद्ध करार नसेल तर"च मिळते आणि तुमच्याकडे तर विरुद्ध करार आहे, तोही तुमच्याच फाइलमध्ये.

आता याने फरक काय पडतो? लोगो तुमचा आहे, तो होलोग्राममध्ये असला तरी तुमचाच, त्यामुळे डुप्लिकेटवाल्यावर ट्रेडमार्कचा दावा उभा राहतो, त्याची काळजी नको. पण तुम्हाला हवीय धाड, तीही लवकर. ट्रेडमार्क कायदा 1999 च्या कलम 115 प्रमाणे झडती घ्यायला किमान डीवायएसपी दर्जाचा अधिकारी लागतो आणि त्याने आधी रजिस्ट्रारचं मत घ्यायचं असतं, त्या मताची वाट पाहण्यात माल गोदामातून निघून जातो. म्हणून वकील मंडळी कॉपीराइटचा रस्ता धरतात. तिथे कलम 64 खाली सब-इन्स्पेक्टरसुद्धा नकली प्रती जप्त करू शकतो, रजिस्ट्रारचं मत लागत नाही, आणि 2022 साली सुप्रीम कोर्टाने निट प्रो प्रकरणात कॉपीराइट कायद्याच्या कलम 63 चा, म्हणजे कॉपीराइट उल्लंघनाचा, गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे असं स्पष्ट केलंय. फक्त ठाण्यात पहिला प्रश्न येतो, "या डिझाइनचा कॉपीराइट कुणाचा, कागद दाखवा". तुम्ही कुठला कागद दाखवणार, त्या कोटेशनचा? बॉक्सचं बाकीचं डिझाइन तुमच्या पगारी माणसाने नोकरीचा भाग म्हणून केलं असेल तर त्यावरून धाड मागता येईल, बाहेरच्या डिझायनरने केलं असेल तर परत तेच दुखणं, ते आधी तपासा आणि मला कळवा.

व्हेंडरवर केस? होईल का तर कदाचित, टिकेल का तर आज सांगता येत नाही. मास्टर त्याच्याकडे, किती रोल छापले, किती वाया गेले, वाया गेलेले कुठे टाकले याचा हिशेब त्याच्याकडे, आणि तो हिशेब तुम्हाला द्यायचं बंधन कुठल्याच कागदावर नाही. लेबल त्याच्याकडूनच बाहेर गेली असं तुम्हाला वाटतं, मलाही वाटतं, पण वाटण्यावर कोर्ट चालत नाही. एक शक्यता अशीही आहे की कुणीतरी दुसरीकडून नवीन मास्टर करून घेतलं असेल, दोन्ही होलोग्राम लॅबमध्ये शेजारी ठेवल्याशिवाय ते कळायचं नाही. सध्या एवढंच करा, रेकॉर्ड, मास्टर आणि रोलचा हिशेब नष्ट करू नये अशी वकिलामार्फत लेखी नोटीस उद्याच्या उद्या पाठवा. आरोप करू नका, नुसतं जपून ठेवा म्हणा.

उशिराबद्दल बोलायलाच हवं. पहिला डुप्लिकेट बॉक्स तुम्हाला वर्षापूर्वी मिळाला आणि तुम्ही डीलरला फोन करून गप्प बसलात. 2004 च्या मिडास हायजीन निकालात सुप्रीम कोर्ट म्हणतं की उल्लंघन उघड असेल तर नुसत्या उशिरामुळे मनाई नाकारू नये, तो आधार आहे, पण "तातडीची मनाई द्या" म्हणून उभं राहिल्यावर न्यायाधीश तारखा बघतातच. तातडी दिसली नाही तर कमर्शियल कोर्ट कायद्याच्या कलम 12अ खाली आधी मध्यस्थीला जा म्हणतील, तीन महिने, दोघं तयार असतील तर वर आणखी दोन, आणि तोवर समोरचा माणूस आरामात स्टॉक विकत बसेल. कोर्टाचा वेळ आपल्या हातात नाही, आपला आहे, तो तरी वाया घालवू नका.

आता नवीन लेबल. दुसऱ्या व्हेंडरचा क्यूआरचा प्रस्तावही तुम्ही पाठवलाय आणि तो वाचून मी डोक्याला हात लावला, कारण त्यात लिहिलंय "प्लॅटफॉर्मवरील सर्व डेटा सेवा पुरवठादाराचा राहील". तीच चूक परत, आता डिजिटल! 1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू आहे, त्याच्या कलम 63 प्रमाणे स्कॅनचा डेटा कोर्टात द्यायचा तर प्रमाणपत्र लागतं, एक भाग ती यंत्रणा सांभाळणाऱ्याच्या सहीचा आणि दुसरा तज्ज्ञाच्या सहीचा, हॅश व्हॅल्यूसकट, म्हणजे डेटात फेरफार झालेला नाही हे दाखवणाऱ्या आकड्यासकट. सर्व्हर व्हेंडरचा म्हणजे सही व्हेंडरच्या माणसाची. जुन्या पुरावा कायद्यातल्या कलम 65ब च्या प्रमाणपत्राशिवाय इलेक्ट्रॉनिक पुराव्याची प्रत चालत नाही हे 2020 मध्ये अर्जुन पंडितराव खोतकर निकालात ठरलंय. कुणी सही देत नसेल तर कोर्टाकडे अर्ज करून मागवता येतं, पण तो अजून एक अर्ज, अजून काही तारखा. एकच कोड एकाच दिवशी दोन लांबच्या गावांत स्कॅन झाला हा तुमचा हुकमी पुरावा, आणि त्याची चावी तुम्ही दुसऱ्याच्या खिशात ठेवायला निघालाय.

त्यामुळे करारात हे हवं: आर्टवर्क, मास्टर, शिम, कोड आणि स्कॅन डेटा खरेदीदाराचा, पुरवठादार कॉपीराइट लेखी असाइन करतो, म्हणजे खरेदीदाराच्या नावावर करून देतो, आणि सही करतो, छापलेल्या, दिलेल्या आणि नष्ट केलेल्या लेबलांचा हिशेब प्रत्येक लॉटबरोबर, करार संपला की मास्टर परत किंवा आपल्या माणसासमोर नष्ट, मागितल्यावर साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र आणि गरज पडली तर साक्षीला माणूस. असाइनमेंटमध्ये मुदत आणि प्रदेश लिहायला विसरू नका, कॉपीराइट कायद्याच्या कलम 19 प्रमाणे मुदत लिहिली नाही तर पाच वर्षं धरतात आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. शिवाय वर्षभरात हक्क वापरला नाही तर तो संपतो, ते टाळायचं तर तसं स्पष्ट लिहावं लागतं. तुम्ही एक्स्पोर्ट करता, म्हणून प्रदेशाचं मुद्दाम सांगतोय.

लेबलच्या जातीबद्दल मी वकील म्हणून थोडंच बोलेन. सगळ्या बॉक्सवर एकच क्यूआर म्हणजे काहीच नाही, त्याचा फोटो काढून कुणीही हजारो छापेल, प्रत्येक बॉक्सला वेगळा कोड आणि त्यावर स्क्रॅचचा थर असेल तर अर्थ आहे. व्हॉइडवालं लेबल खरबरीत किंवा मेणचट खोक्यावर नीट चिकटत नाही, मग अक्षरं उमटतही नाहीत, तुमच्याच खोक्यावर लावून बघा. लेबल झाकणाच्या फटीवर असं लावा की उघडताना फाटलंच पाहिजे, नाहीतर रिकामं खोकं आणि खरं लेबल दोन्ही परत भरून विकायला जातं. व्हेंडर आयएसओ 14298 चं सर्टिफिकेट दाखवेल, चांगलंच आहे, सिक्युरिटी प्रिंटिंगची त्यांची व्यवस्था त्यातून कळते, मालकी नाही कळत.

एक छुपी खूण जरूर ठेवा, यूव्ही शाई (खास दिव्याखालीच दिसणारी), मायक्रोटेक्स्ट (भिंगातूनच वाचता येणारी बारीक अक्षरं), काहीही, आणि ती डीलरला, सेल्समनला, कुणाला सांगू नका. दाव्यात सुद्धा ती उघड लिहायची नाही, दाव्याची प्रत समोरच्याला मिळते आणि पुढच्या लॉटमध्ये तीही खूण नकली मालावर येते. तो भाग सीलबंद द्यायची परवानगी कोर्टाकडे मागायची, देतीलच असं नाही, पण मागायची. म्हणून एकापेक्षा जास्त खुणा असतील तर कोर्टात एकच उघड करायची.

नव्या व्हेंडरला ॲडव्हान्स देऊ नका. डेटाची ती ओळ खोडून वरची कलमं घालायला सांगा आणि सुधारलेला मसुदा सही करायच्या आधी पाठवा, नंतर नको.