मरणाऱ्या पेशी साफ करायला मदत करणारी नैसर्गिक संयुगं खरंच असतात का? वडिलांची जखम त्यानं भरेल का?

अशी संयुगं आहेत. पण तुम्ही विचारताय ती कॅप्सूल घेऊ नका.

तुम्ही लिहिलंय की वडिलांना बऱ्याच वर्षांचा मधुमेह आहे, तळपायाची जखम दोन महिने भरत नाहीये, आणि नव्या पेठेतल्या एका ओळखीच्यांनी डाळिंबाच्या सालीचा अर्क आणि हळद असलेली कॅप्सूल सुचवली, 'मेलेल्या पेशी खाणाऱ्या पेशींना जागं करते' असं सांगून. मी डॉक्टर नाही. इथेच सोलापुरात बी. फार्म.च्या मुलांना फार्माकॉग्नॉसी शिकवतो, म्हणजे वनस्पती, बुरशी, जिवाणू यांच्यापासून औषधं कशी निघतात तो विषय. त्यामुळे प्रश्नाचा औषधाचा भाग मला नीट सांगता येईल.

आपल्या शरीरात रोज अंदाजे ३३,००० कोटी पेशी मरतात, त्यातल्या बहुतेक रक्तातल्या. तरी कुठे ढीग साचत नाही, कारण मॅक्रोफेज नावाच्या पेशी त्या गिळून टाकतात. या कामाला एफेरोसायटोसिस म्हणतात. घंटागाडी आली की आपण कचरा घेऊन धावतो. इथे कचराच घंटा वाजवतो. मरणारी पेशी एटीपीसारखे रेणू बाहेर सोडून मॅक्रोफेजला बोलावते. मग फॉस्फॅटिडिलसेरीन हा एरवी आवरणाच्या आतल्या बाजूला असणारा मेदरेणू ती बाहेरच्या बाजूला आणते. मॅक्रोफेजवरचा मेरटीके नावाचा ग्राहक (रिसेप्टर, म्हणजे खूण ओळखणारं प्रथिन) त्याला थेट पकडत नाही, मध्ये गॅस६ आणि प्रोटीन एस ही प्रथिनं लागतात. निरोगी पेशींवर सीडी४७ असतं, म्हणजे 'मला खाऊ नकोस' अशी खूण. हे वेळेत झालं नाही तर मेलेली पेशी फुटते, आतला ऐवज बाहेर सांडतो आणि सूज धुमसत राहते.

जखमेतला पू म्हणजे मोठ्या प्रमाणात मेलेल्या न्यूट्रोफिल पेशीच, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी. त्या गिळल्यावर मॅक्रोफेजचा नूरच बदलतो: सूज वाढवणारे रेणू कमी करून तो आयएल-१० आणि टीजीएफ-बीटा हे सूज शमवणारे रेणू सोडायला लागतो, आणि जखम भरायच्या मार्गाला लागते. मधुमेही उंदरांच्या जखमांत हे गिळणंच मंदावलेलं दिसलंय. म्हणजे कॅप्सूलवाल्यांचं पहिलं वाक्य शास्त्राला धरूनच आहे. पुढची उडी मात्र त्यांची स्वतःची.

आता खरी संयुगं. गंमत म्हणजे त्यातली काही तुमच्या कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये वेगळ्याच कामासाठी विकायला आहेत. लोव्हास्टॅटिन हे कोलेस्टेरॉलचं औषध अस्परजिलस टेरियस या बुरशीतून मिळालं आणि अमेरिकेत १९८७ मध्ये मान्य झालं. त्याच्याही आधी जपानमध्ये अकिरा एंडो यांनी पेनिसिलियम सिट्रिनम या बुरशीतून त्याच जातीचं कॉम्पॅक्टिन वेगळं केलं होतं. २००६ मध्ये असं दिसलं की लोव्हास्टॅटिननं मॅक्रोफेजचं मेलेल्या पेशी गिळणं वाढतं, उंदरांत आणि सीओपीडी (फुप्फुसाचा दम लागणारा जुनाट आजार) रुग्णांच्या फुप्फुसातून काढलेल्या पेशींवरही. गिळण्याला रोखून धरणारं ऱ्होए हे प्रथिन त्यानं कमी काम करतं. अझिथ्रोमायसिन या अँटिबायोटिकची गोष्टही तशीच. त्याचा पूर्वज एरिथ्रोमायसिन, फिलिपिन्सच्या मातीतल्या जिवाणूपासून मिळालेला. सीओपीडी रुग्णांच्या मॅक्रोफेजची गिळण्याची ताकद अझिथ्रोमायसिननं सुधारते, असं ऑस्ट्रेलियातल्या गटानं दाखवलं. पुढे २०११ च्या मोठ्या चाचणीत रोजच्या गोळीनं या रुग्णांचे दम्यासारखे झटके कमी झाले, आणि काहींची ऐकण्याची क्षमताही घटली. झटके कमी होण्याचं श्रेय गिळण्याला द्यायचं की जंतू मारण्याला, हे त्या चाचणीवरून ठरत नाही.

याच यादीत डेक्सामेथासोन हे स्टिरॉइडही येतं. स्टिरॉइड उद्योग उभा राहिला तो मेक्सिकोतल्या रानकंदातल्या डायोसजेनिनवर. या जातीची औषधं मॅक्रोफेजवर मेरटीके वाढवतात, मेलेले न्यूट्रोफिल भराभर उचलले जातात. पण हेच डेक्सामेथासोन तुमच्या वडिलांना दिलं तर साखर चढेल आणि जखम भरायला आणखी उशीर होईल! वर्गात हे सांगितलं की मुलं गोंधळतात, आणि त्यांनी गोंधळावं असंच मला वाटतं. 'मेलेल्या पेशी साफ करण्याचा वेग वाढवतं' आणि 'बरं करतं' ही दोन वेगळी विधानं आहेत. कर्करोगाच्या गाठीत तर ही सफाई प्रतिकारशक्तीला शांत बसवते, म्हणून तिथे संशोधक मेरटीके बंद पाडण्याच्या मागे लागलेत.

डाळिंबाचं म्हणाल तर केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र असलेल्या गावात राहून मी डाळिंबाविरुद्ध कशाला बोलू? सालीत प्युनिकॅलाजिन नावाचं संयुग भरपूर असतं. आतड्यातले काही जिवाणू त्याचं युरोलिथिन ए करतात, पण ते जिवाणू सगळ्यांकडे नसतात. २०१६ पासून युरोलिथिन ए गाजतंय ते पेशीच्या आतली खराब मायटोकाँड्रिया (पेशीला ऊर्जा पुरवणारे भाग) मोडीत काढण्यासाठी. ती पेशीची घरातली सफाई झाली, शेजारची मेलेली पेशी गिळणं नव्हे. जाहिरातीत दोन्ही एकत्र कालवतात. हळदीतलं कर्क्युमिन फारसं शोषलं जात नाही. म्हणून कॅप्सूलमध्ये मिऱ्यातलं पायपरिन घालतात, आणि मग इतर औषधांचं शोषणही बदलू शकतं. अशा जास्त मात्रेच्या कॅप्सूलनं यकृताला इजा झाल्याच्या नोंदी अनेक देशांत आहेत. भाजीतली हळद वेगळी, ती खुशाल खा.

जखमेच्या बाबतीत मला सगळ्यात आशा वाटते ती रिझॉल्व्हिनची. बोस्टनमध्ये चार्ल्स सेरहान यांच्या गटानं शोधलेले हे रेणू आपलं शरीर ओमेगा-३ पासून बनवतं. मधुमेही उंदरांच्या जखमेवर रिझॉल्व्हिन डी१ लावल्यावर जखम लवकर मिटली, मॅक्रोफेजचं कामही सुधारलं. पण ते उंदरांत, आणि शुद्ध रेणू थेट जखमेवर लावून. आपल्या जवसाच्या चटणीत ओमेगा-३ आहे खरं, पण ते ज्या रूपात आहे त्यातला फार थोडा भाग शरीर ईपीए-डीएचए या थेट वापरता येणाऱ्या ओमेगा-३ रूपांत बदलतं. भाकरीबरोबर चटणी चवीसाठी खा.

वडिलांच्या पायाचं आत्ता जे काम आहे ते कंटाळवाणं आहे, पण पाय वाचतात ते त्यानंच. साखर आटोक्यात आणणं, मेलेलं मांस सर्जनकडून काढून घेणं, संसर्ग आहे का बघणं, डॉपलरनं पायाचा रक्तपुरवठा तपासणं आणि त्या जागेवरचा भार पूर्ण काढणं. हे शेवटचं सगळ्यात जास्त राहून जातं. पायाची संवेदना गेलेली असते, दुखत नाही, म्हणून माणूस चालतच राहतो. उन्हाळ्यात सिद्धेश्वराच्या दर्शनाला तापलेल्या फरशीवर अनवाणी गेलेल्यांना फोड आल्याचं घरी आल्यावर कळतं. विडी-सिगारेट असेल तर ती बंद. धुरानं फुप्फुसातल्या मॅक्रोफेजची गिळण्याची ताकद घटते, पायाच्या रक्तवाहिन्यांचं तर विचारूच नका. सिव्हिलला किंवा मधुमेही पायाचं काम करणाऱ्या सर्जनकडे याच आठवड्यात न्या. जखम काळी पडली, वास आला किंवा ताप आला तर त्याच दिवशी.

कॅप्सूल सुरू केली असेल तर डबी सोबत न्या. आणि वडील रक्त पातळ करणारी गोळी घेत असतील तर ते डॉक्टरांना सगळ्यात आधी सांगा, पण ती गोळी स्वतःहून थांबवू नका.