वॅक्सचे पॅड कडक झालेत म्हणून फेकू नका, पण ‘तो’ गुलाबी पॅड बोनटला लावू नका

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गाडीच्या रंगाला चमक यावी म्हणून पेस्ट वॅक्स लावायचे फोमचे तीन गोल पॅड आहेत, दोन-तीनदा वापरून पापडासारखे कडक झालेत. गीझरच्या पाण्यात तासभर भिजवून काही फरक पडला नाही. त्यातला एक रंगपंचमीनंतर वापरला, तो गुलाबी झालाय. आता धुवायचे, फेकायचे की कपड्यांबरोबर मशीनमध्ये टाकून बघायचं?

मीही इंदूरचाच, राजेंद्रनगरातला. बरीच वर्षं घरच्या गाड्यांचं वॅक्स रविवारी सकाळी पोर्चमध्ये स्वतःच करतो, त्यामुळे पॅडच्या बाबतीत करायच्या त्या सगळ्या चुका करून झाल्या आहेत.

आधी कडकपणाचं सांगतो, कारण घाबरायचं त्यात काही नाही. पेस्ट वॅक्समध्ये मेणासोबत उडून जाणारं द्रावक असतं. पॅड उघडा ठेवला की ते उडतं आणि फोमच्या छिद्रांत नुसतं मेण उरतं. वॅक्स कार्नोबाचं असेल तर ते ब्राझीलच्या एका ताडाच्या पानांवरचं मेण, आणि ते वितळतं साधारण 82 ते 86 अंशांना. आपल्या मधमाशांचं मेण 62-64 लाच वितळतं. गीझरचं पाणी बादलीत येईपर्यंत पन्नाशीच्या आसपास आलेलं असतं. त्यात कार्नोबा कशाला वितळतंय? तुमचा तासभर तिथेच वाया गेला.

म्हणून मग उकळायचं का, तर नाही. मी एकदा मायक्रोफायबरचा पॅड पातेल्यात उकळला होता. मेण तवंगासारखं वर आलं, फार आनंद झाला, आणि बाहेर काढला तेव्हा आतला फोम एकीकडे अन् वरचं कापड दुसरीकडे. शिवाय ते पातेलं पुढे कोणी स्वयंपाकघरात घेईना, ते वेगळंच.

मेण वितळवायचं नाही, सोडवायचं. त्यासाठी भांडी घासायचं लिक्विड पुरतं, फक्त क्रम उलटा ठेवा. आपण सवयीने पॅड आधी ओला करतो आणि मग साबण लावतो. पण पाण्याला दूर ठेवणं हेच तर वॅक्सचं काम. ते आत पाणी शिरू देत नाही आणि लिक्विड वरच्यावर फेस होऊन वाहून जातं. त्यापेक्षा कोरड्या पॅडवर चार-पाच थेंब लिक्विड घाला आणि अंगठ्याने आत चोळा, भाकरीचं पीठ मळताना तळहाताची टाच लावतो तसं. आधी ते नुसतंच घसरतं. मिनिटभरात पॅडच्या तोंडावर पिवळसर, मळकट, मलमासारखं काहीतरी यायला लागतं. ते आलं म्हणजे लिक्विड मेणात शिरलं. मग दहा मिनिटं तसाच ठेवून द्या. त्यानंतर हाताला सोसेल इतक्या गरम पाण्यात बुडवून दोन तळव्यांमध्ये दाबायचा आणि सोडायचा. पिळायचा नाही. पिळला की फोमला आतून चिरा पडतात आणि पुढच्या वेळी त्याचे तुकडे बोनटवर सापडतात.

पहिलं पाणी ताकासारखं पांढरं होईल. ते ओतून टाका आणि पुन्हा तेच. तुमच्या पॅडांना तीन फेऱ्या तरी लागतील. त्याआधी एखाद्या मुदत संपलेल्या एटीएम कार्डाच्या कडेने वरचा थर खरवडून घेतलात तर एक फेरी वाचेल. रॉकेल किंवा टर्पेंटाइनने मेण झटकन निघतं हे खरं, पण वास महिनाभर जात नाही, चिकटवलेले थर सुटायची भीती असते, आणि बाथरूममध्ये गॅस गीझर असेल तर तो उद्योग मुळीच नको.

साबणाची वडी मात्र वापरू नका. कॉलनीत बोअरिंगचं पाणी असेल तर ते जड असणार, आणि जड पाण्यात साबणाचा फेस होण्याऐवजी पांढरा चिकट साका होतो. मेण काढायला गेलो आणि साका भरून आलो, असं होतं. भांड्यांच्या लिक्विडचं तसं होत नाही. शेवटचं पाणी मात्र मी नळाला येणारं नर्मदेचंच घेतो. बोअरिंगच्या पाण्यात खंगाळलेला पॅड वाळला की पुन्हा खरखरीत लागतो, कारण क्षार आतच राहतात. आणि ते आरओचं वाया जाणारं पाणी! आपल्याकडे घरोघरी ते गाडी धुवायला बादलीत साठवतात, माझी आईसुद्धा. पाण्यातले जे क्षार गाळून बाहेर काढले ते सगळे त्यातच असतात, म्हणजे ते नळाच्या पाण्यापेक्षाही जड. अंगण धुवा, फरशी पुसा. गाडीला आणि पॅडला नको.

मशीनचं म्हणाल तर फोमचा पॅड टाकूच नका, फाटतो. मायक्रोफायबरचा चालतो, पण मोजे धुवायच्या जाळीच्या पिशवीत, थंड किंवा कोमट पाण्यात आणि एकटा. टॉवेलबरोबर टाकलात तर टॉवेलचा सगळा भुगा तो उचलतो. मायक्रोफायबर म्हणजे पॉलिएस्टर आणि नायलॉनचे चिरलेले बारीक तंतू, त्यांचं कामच कचरा धरून ठेवायचं. सुवासासाठी शेवटी घालतात ते कंडिशनर तर अजिबात नको, तंतूंवर त्याचा थर बसतो आणि मऊ लागूनही कापड निकामी होतं. ब्लीचही नको.

आता खरी गोष्ट. पॅडमध्ये राहिलेल्या मेणाने गाडीचं काही बिघडत नाही. बिघडतं ते खड्याने. दहा-बारा वर्षांपूर्वी आमच्याकडे काळी गाडी होती. वॅक्स लावताना पॅड हातातून सुटून पोर्चच्या फरशीवर पडला, तोही नेमका वॅक्सच्या बाजूने, लोणी लावलेली पोळी पडते तसा. मी झटकला, फुंकर मारली आणि पुढे चालू. अर्धं बोनट झाल्यावर चहाला आत गेलो. दुपारी ऊन बोनटवर आलं तेव्हा दिसलं, अर्ध्या भागात गोल गोल कोळ्याचं जाळं आणि उरलेला अर्धा भाग आरशासारखा. जिथे चहाला थांबलो होतो तिथे बरोबर सीमारेषा.

रंगाच्या वरचा पारदर्शक थर, ज्याला क्लिअर कोट म्हणतात, तो जेमतेम 40-50 मायक्रॉनचा असतो. माणसाचा केस साधारण 70 चा. मशीन पॉलिशने ओरखडे गेले, पण पॉलिश म्हणजे त्याच थरातलं थोडं घासून काढणं, तेव्हा ती चैन जन्मभर परवडत नाही. पॅडचं म्हणाल तर नवा येतो दोघांच्या पोहे-जलेबीच्या पैशात. त्यामुळे माझा नियम कडक आहे: जमिनीवर पडलेला पॅड त्या दिवशी पुन्हा गाडीला लागत नाही. धुऊन घेतो, तपासतो, आणि शंका राहिली तर तो खालच्या कामाला जातो.

तपासायला घरातली जुनी सीडी काढा. तिच्या चकचकीत बाजूवर वाळलेला पॅड हलक्या हाताने दहा-बारा वेळा फिरवा आणि उजेडाकडे तिरकी धरून बघा. सीडीचं प्लास्टिक गाडीच्या वरच्या थरापेक्षा मऊ असतं, म्हणून ही परीक्षा जरा जास्तच कडक आहे. पण कडकच बरी. सीडीवर रेघ उठली की तो पॅड रंगासाठी संपला.

खालचं काम म्हणजे काय, तर पॅडची आमच्याकडे उतरती भाजणी आहे. नवा पॅड रंगावर. थोडा जुना झाला की अलॉय व्हीलवर. त्यानंतर टायर काळे दिसावेत म्हणून लावतात त्या ड्रेसिंगला, आणि तिथून थेट कचरागाडीत. खालून वर मात्र कोणी चढायचं नाही. टायरला लावलेल्या पॅडमध्ये सिलिकॉन आणि ब्रेकची लोखंडी भुकटी असते, तो कितीही धुतला तरी टायरचाच. तसंच रंगाचा पॅड चुकून काळ्या खरखरीत प्लास्टिकवर फिरला तर पांढरे डाग बसतात आणि ते काढता काढता नाकी नऊ येतात. म्हणून मी मागच्या बाजूला मार्करने ‘रंग’, ‘चाक’, ‘टायर’ असं लिहून ठेवतो. घरातले हसतात, हसोत.

एका बाबतीत धुवायचा प्रश्नच नाही: बाटलीतलं खरं सिरॅमिक कोटिंग, म्हणजे रंगावर कडक थर बसवणारं द्रव, जे छोट्या ठोकळ्यावर मऊ कापड गुंडाळून लावतात. ते हवेतल्या ओलाव्याने घट्ट होतं आणि कापडात काचेसारखे कण तयार होतात. ते कापड एकदाच वापरायचं. स्प्रेच्या बाटलीवर ‘सिरॅमिक’ लिहिलेलं असतं ते प्रकरण सौम्य असतं, त्याचं कापड लगेच धुतलं तर पुन्हा वापरता येतं, पण वाळू दिलंत तर नाही.

वाळवणं सावलीतच. उन्हात फोम पिवळा पडतो आणि पुढे चुरा व्हायला लागतो. गच्चीवर तर नकोच, वैशाखात माळव्याची काळी धूळ आणि आता मेट्रोच्या कामाची धूळ, दोन्ही त्यात बसतात. मी धुतलेला पॅड पंच्यात गुंडाळून दाबतो आणि घरातच पंख्याखाली कडेवर उभा करून ठेवतो. पावसाळ्यात वरून कोरडा लागतो आणि आत ओल असते, तेव्हा दोन दिवस जास्त द्या. ओलाच पिशवीत गेला तर उघडल्यावर कुबट वास.

आणि दर वेळी धुवायची गरज असतेच असं नाही. एकच वॅक्स, स्वच्छ धुतलेली गाडी आणि न पडलेला पॅड, एवढं जमलं तर मी तो झिपच्या पिशवीत हवा काढून तसाच ठेवतो. द्रावक उडत नाही, पॅड मऊ राहतो आणि पुढच्या वेळी वॅक्सही कमी लागतं. तुमचे पॅड इतके भरलेत त्यावरून तुम्ही वॅक्स लोणच्याच्या खारासारखं घेत असणार. डबीवर पॅड एकदा अर्धा फिरवला की एक दार होतं. बोटाने रेघ ओढल्यावर जेमतेम दिसेल इतकाच थर पुरे. उरलेलं शेवटी पुसूनच काढायचं असतं.

तर आज दोन पॅड वर सांगितल्याप्रमाणे धुवा आणि सीडीवर बघा. गुलाबी धुवायच्या भानगडीत पडू नका. गेरच्या, म्हणजे आपल्या रंगपंचमीच्या मिरवणुकीच्या, दुसऱ्या दिवशी राजवाड्याकडून आलेल्या गाडीवर नुसता गुलाल नसतो, तो बोटांत चोळून बघा, खरखर लागते. मागे ‘टायर’ लिहा आणि कामाला लावा. आणि गाडीला अजून फटींमध्ये गुलाल दिसत असेल तर कोरड्या फडक्याने पुसू नका, आधी नळी लावून भरपूर पाणी मारा.