हृदयाचे ठोके अनियमित पडत असतील, तर त्यांची नोंद घेण्यासाठी कोणते उपकरण योग्य ठरते?
त्रास किती वेळा होतो, यावर ही निवड ठरते. ठोके चुकल्याची जाणीव रोज होत असेल, तर २४ ते ४८ तास सलग ईसीजी (हृदयाच्या विद्युत क्रियेचा आलेख) नोंदवणारा होल्टर, म्हणजे अंगावर बाळगायचे छोटे यंत्र, पुरतो. आठवड्या-पंधरवड्यातून एकदा होत असेल, तर १४ दिवसांपर्यंत छातीवर चिकटून राहणारा पॅच बरा. परंतु काही महिन्यांतून एकदाच शुद्ध हरपत असेल किंवा पक्षाघाताचे कारण सापडत नसेल, तर डॉक्टर इम्प्लांटेबल लूप रेकॉर्डर सुचवतात. साधारण साडेचार सेंटिमीटर लांबीचे हे उपकरण फक्त त्या जागेपुरती भूल देऊन छातीच्या डाव्या बाजूला कातडीखाली सरकवतात आणि ते सुमारे तीन वर्षे नोंद घेत राहते. ते पेसमेकर, म्हणजे ठोक्यांची गती सांभाळणारे यंत्र, नव्हे. ते केवळ नोंद करते, उपचार करत नाही.

स्मार्टवॉच मनगटातील रक्तप्रवाहावर हिरवा प्रकाश टाकून नाडीच्या लयीचा अंदाज घेते, त्यामुळे हात हलला की तिची चूक होऊ शकते. तिच्यात ईसीजीची सोय असल्यास, धडधड सुरू असतानाच दुसऱ्या हाताचे बोट ३० सेकंद टेकवून घेतलेला आलेख डॉक्टरांना अधिक उपयोगी पडतो, असे माझे मत आहे. मात्र हृदयविकाराचा झटका तिला ओळखता येत नाही. छातीत दुखत असल्यास घड्याळ काहीही दाखवो, तातडीने रुग्णालय गाठावे.