शेवटच्या गड्याचा एक मासा

अग्निशमन, पोलीस, रुग्णवाहिका, टपाल अशा सार्वजनिक सेवांच्या संघांमध्ये होणाऱ्या फ्लाय फिशिंग स्पर्धेबद्दल या वेळी बरीच पत्रं आली. त्यातल्या काहींना इथे उत्तरं देतो.

प्रश्न: आमच्या अग्निशमन केंद्राच्या संघात एक जण कमी पडला म्हणून माझं नाव घातलंय. साध्या गळाने मासे धरलेत, पण फ्लाय रॉड कधी हातात घेतलेला नाही. दोन महिन्यांत जमेल का?

जमेल. फक्त साध्या गळाची सवय आधी मोडावी लागेल. तिथे गळाला वजन असतं, ते पुढे जातं आणि मागून दोरी ओढली जाते. इथे सगळं उलटं आहे. फ्लाय म्हणजे पिसं आणि धागा गुंडाळलेला इवलासा गळ, त्याला वजन जवळपास नसतंच. तुम्ही फेकता ती जाड लाईन. ६ नंबरच्या लाईनच्या पहिल्या ३० फुटांचं वजन साधारण १० ग्रॅम भरतं. तेवढ्या वजनाने रॉड वाकतो, आणि वाकलेला रॉड सरळ होताना लाईन पुढे जाते. काम रॉडचं आहे, दंडाचं नाही. अंगात ताकद असलेली माणसं नेमकी इथे फसतात. जोर लावला की रॉड मागे पार आडवा होतो आणि लाईन पाठीमागच्या गवतात जाऊन पडते.

पाण्यावर जाऊच नका अजून. मोकळ्या मैदानात फ्लायऐवजी लोकरीचा तुकडा बांधा. रॉड उचलून मागे न्या आणि घड्याळात एक वाजताना काटा असतो तिथे झटकन थांबवा. आता मान वळवून मागे पाहा. लाईनचा फास उलगडत जाईल आणि शेवटी लोकर टोकाला सरळ होईल. त्याच क्षणी पुढे या आणि दहाच्या काट्यावर थांबा. हा मधला थांबा म्हणजे निम्मं फ्लाय फिशिंग. तो अंगवळणी पडेपर्यंत मागे वळून पाहायची लाज वाटून घेऊ नका. रोज वीस मिनिटं पुरेत.

लांब फेकता येत नाही म्हणून हिरमुसू नका. इसवी सन २००च्या आसपास एलियन या रोमन लेखकाने मॅसिडोनियातल्या मच्छीमारांचं वर्णन करून ठेवलंय: गळाला लाल लोकर, त्यावर कोंबड्याची दोन पिसं, सहा फुटांची काठी आणि दोरीही तेवढीच. त्यांना मासे मिळत होते. तुम्हाला बोटीतून बारा मीटर नीट टाकता आलं, तर संघाच्या कामाला याल.

प्रश्न: आम्ही सहा संघांत सगळ्यात जास्त मासे धरले, तरी पहिला नंबर दुसऱ्यांना गेला. हे कसं?

तुमची स्पर्धा क्रमांकाच्या गुणांवर होती, म्हणून. प्रत्येक संघाचा एकेक गडी वेगळ्या गटात खेळतो. त्या गटात पहिला आला तर १ गुण, सहावा आला तर ६. सगळ्यांची बेरीज करायची आणि ज्याची सर्वांत कमी तो संघ विजयी. जागतिक स्पर्धेतही पाच जणांचा संघ तीन-तीन तासांच्या सत्रांत याच हिशेबाने खेळतो.

तुमच्या पत्रातले आकडे मांडून पाहू. तुमच्या दोघांनी १२ आणि १० मासे धरले, दोघेही आपापल्या गटात पहिले. उरलेले दोघे कोरडे राहिले आणि सहावे आले. बेरीज १४. विजेत्यांचे मासे ४, ३, ४, ३, क्रमांक २, ३, ३, ३, बेरीज ११. तुमचे मासे २२, त्यांचे १४. आता समजा, तुमच्या त्या दोघांना एकेकच मासा मिळाला असता आणि ते चौथे आले असते, तर तुमची बेरीज १० झाली असती आणि चषक तुमचा. ज्याने १२ धरले त्याने २० धरले असते, तरी संघाला एका गुणाचाही फायदा नव्हता.

म्हणून मी कळकळीने सांगतो, सराव कमकुवत गड्याचा करून घ्या. जो आधीच तरबेज आहे, त्याने आपला रविवार त्याच्यासाठी द्यावा.

मोठ्या माशाच्या नादाबद्दलही थोडं. जागतिक नियमांत प्रत्येक पात्र माशाला १०० गुण आणि लांबीच्या दर सेंटिमीटरला २० गुण मिळतात. म्हणजे २५ सेंटिमीटरचे तीन मासे आणि ४० सेंटिमीटरचे दोन मासे सारखेच, १८०० गुण. काही स्पर्धांत वजन धरतात, तेव्हा तुमचं नियमपत्रक आधी वाचा.

प्रश्न: मी रुग्णवाहिकेवर काम करते. बोटीत माझ्यासोबत पोलीस संघाचा खेळाडू असणार आहे. अनोळखी प्रतिस्पर्ध्याबरोबर दिवस कसा काढायचा?

दोन संघांचे गडी एका बोटीत बसवायची पद्धतच आहे. बोट वाऱ्याला आडवी ठेवून वाहू देतात, वेग कमी करायला मागे ड्रोग नावाची कापडी छत्री पाण्यात सोडतात, आणि दोघेही वाऱ्याच्या दिशेने समोर टाकतात. बोटीच्या मधून पाण्यावर एक रेघ आहे असं समजा. रेघेपलीकडचं पाणी त्याचं, तिथे मासा उसळला तरी.

बसण्याच्या जागेचं निघण्याआधीच बोला. उजव्या हाताने टाकणारा माणूस डाव्या टोकाला बसला, की त्याचा गळ प्रत्येक वेळी बोटीच्या मधून, म्हणजे तुमच्या बाजूने फिरतो. दोघेही उजवे असाल तर अर्ध्या वेळात जागा बदला. त्याची लाईन हवेत असताना तुमची उचलू नका. उभं राहू नका. लाईफ जॅकेट आणि टोपी हवीच, आणि चष्मा तर ढगाळ दिवशीही काढायचा नाही. गळ डोळ्यात गेला तर तो जागेवरच ठेवून थेट रुग्णालय गाठायचं, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. बरोबरच्या माणसाला मात्र सांगून ठेवा.

प्रश्न: उलटा काटा नसलेला गळ सक्तीचा आहे. मासा सुटणार नाही का?

लाईन ताणलेली ठेवलीत तर क्वचितच. सैल सोडलीत तर काट्याचा गळही दगा देतो.

प्रश्न: सोडलेला ट्राउट नंतर उलटा तरंगताना पाहिला. मन खट्टू झालं. आमचं काय चुकलं?

बहुधा दोन गोष्टी एकत्र आल्या, गरम पाणी आणि लांबलेली झुंज. पाणी तापलं की त्यात विरघळलेला ऑक्सिजन कमी होतो. ट्राउट थंड पाण्यातला मासा, त्याला २० अंशांपुढे श्वास पुरत नाही. अशा दिवशी आयोजकांना वेळ बदलायला सांगा किंवा स्पर्धा पुढे ढकला. पाहुणे आलेत, चषक मांडलाय, ही कारणं मला पटत नाहीत.

टिपेट, म्हणजे फ्लाय ज्याला बांधतात तो टोकाचा बारीक धागा, थोडं जाड वापरा, म्हणजे मासा थकून जायच्या आत जाळीत येईल. जाळी पाण्यातच राहू दे. हात आधी भिजवा, कारण कोरड्या हाताला माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघून येतो आणि तोच त्याचं रोगापासून रक्षण करतो. गळ काढल्यावर त्याला सरळ धरा, ढकलाढकली करू नका. कल्ले आधी भरभर हलतात, मग एका लयीत येतात. शेपटीत जोर आला की तो आपणच तुमच्या बोटांमधून निसटेल.

प्रश्न: मी कर्णधार आहे. आमचा सर्वांत चांगला खेळाडू रात्रपाळी करून थेट स्पर्धेला येतोय. त्याला उतरवू का?

नको, राखीव गडी खेळवा. रात्रभर जागलेल्या माणसाच्या हातात गळ आणि शेजारी दुसरा माणूस, हे मला चालणार नाही. त्याला काठावर झोपू द्या आणि दुपारच्या सत्राला घ्या.

तुमचं खरं काम दोन सत्रांच्या मधल्या वेळेत आहे. जो रिकाम्या हाताने परत आला, त्याच्याजवळ आधी जाऊन बसा. लाईन तरंगणारी होती की बुडणारी? पाण्यात पडल्यावर किती आकडे मोजून ओढायला लागला? ओढ संथ होती की झटक्यांची? ज्याला मासे मिळाले, त्याला हेच प्रश्न याच्यासमोर विचारा, आणि त्याच्या डबीतल्या दोन फ्लाय काढून याच्या डबीत ठेवा.