दाब धरणारं आणि न धरणारं

प्रिय बेटा,

अनेक आशीर्वाद.

जंगलातल्या ट्रामवेच्या त्या जुन्या वाफेच्या इंजिनाचे तू पाठवलेले फोटो मोठे करून, एकेक करून पाहिले. चिमणीचा वरचा भाग गायब, कॅबच्या पत्र्याची चाळणी, सरपणाच्या पेटीतून पिंपळ वर आलेला. तरी सांगतो, इंजिन बरं आहे. फ्रेम, चाकं, सिलेंडर आणि चाकं फिरवणारे रॉड जागेवर आहेत, म्हणजे भंगारवाल्यांनी फक्त पितळ नेलंय. ते दुरुस्त करायला निघालेल्या तुमच्यापैकी कुणीतरी 'दिवाळीपर्यंत धूर काढू' असं फोटोखाली लिहिलंय. ते मात्र आजच विसरा.

सुरुवातीला पान्याला हात लावायचा नाही. आधी मोजायचं आणि लिहायचं. गेज ७६२ मिलिमीटर असल्याचं तू लिहिलंस. ते कशावरून? दोन चाकांच्या आतल्या बाजूंमधलं अंतर मोजलं असशील तर ते गेजपेक्षा कमीच येणार, कारण गेज रुळांच्या आतल्या कडांमध्ये मोजतात. आपल्याकडच्या सातपुड्यातल्या गाड्या आणि यवतमाळची शकुंतला ७६२ च्या होत्या, माथेरानची ६१० ची. टेप घेऊन एक दिवस कडबी चौकाजवळच्या मोतीबागेतल्या नॅरोगेज संग्रहालयात जा. हे संग्रहालय २००२ साली सुरू झालं, नागपूरकर पोरांना तिथे झुकझुक गाडीत बसवायला नेतात. तू मात्र तिथल्या इंजिनांच्या खाली वाकून बघ. चाकं, ब्रेकचे दांडे, स्प्रिंगा कशा बसवल्यात ते वहीत काढून आण.

कॅबवरची मेकरची पाटी गेली म्हणून हळहळू नकोस. पाटी गेली तरी कारखान्याचा नंबर बहुतेक वेळा रॉडवर आणि व्हॉल्व्ह गिअरच्या (वाफेच्या झडपा हलवणाऱ्या यंत्रणेच्या) तुकड्यांवर ठोकलेला असतो. कनेक्टिंग रॉडचं टोक रॉकेलच्या फडक्याने पुसत जा, मेणचट थर हळूहळू निघेल. ग्राईंडर लावलास तर गंजासोबत नंबरही जाईल आणि तो परत यायचा नाही. दोन रॉडवर दोन वेगळे नंबर निघाले तर गोंधळू नकोस. एक इंजिन बंद पडलं की त्याचा रॉड दुसऱ्याला लावायचा, ही जंगलातल्या लाइनींवरची नेहमीची रीत. असे दोन नंबर सापडले तर मला उलट आनंदच होईल.

लाकूड वाहणारी ट्रामवे आणि आपली नेहमीची रेल्वे यांत फरक असतो. रूळ हलके, वळणं आवळ, आणि तोड संपली की फाटे उखडून दुसरीकडे टाकायचे. म्हणून इंजिन बुटकं, चाकं जवळजवळ, आणि चाकांच्या कडा एका बाजूने जास्त झिजलेल्या. अमेरिकेत तर अशा लाइनींसाठी एफ्रेम शे याने दातेरी चाकांनी चालणारं इंजिनच काढलं, त्याचं पेटंट १८८१ चं. आपल्या देशातलं मोठं उदाहरण कोचीन संस्थानाच्या फॉरेस्ट ट्रामवेचं. ती मीटरगेज होती, १९०७ पासून १९६३ पर्यंत परंबिकुलमचं सागवान खाली आणत होती. अशा जंगलात इंधन म्हणजे हाताशी असलेलं लाकूड. सुकं असलं तरी त्याची उष्णता चांगल्या कोळशाच्या जेमतेम अर्धी, शिवाय ठिणग्या फार. सागाच्या रानात उन्हाळ्यात ठिणगी उडाली तर काय होईल ते विदर्भातल्या माणसाला सांगायला नको. म्हणून चिमणीवर ठिणग्या अडवणारी जाळी किंवा फुगीर टोपी असायची. तुमच्या इंजिनाचा नेमका तोच भाग गेलाय. तो मनाने बनवू नका. चिमणीच्या उरलेल्या कडेवर रिव्हेटची भोकं आहेत, त्यांचं अंतर मोजून ठेवा. टोपीची जात त्यावरून कळू शकते.

तुझ्या चौथ्या फोटोत पाण्याच्या टाकीवर एक ठिगळ दिसतं. पत्र्याचा वेडावाकडा तुकडा, सात-आठ बोल्ट, एक बोल्ट चौकोनी डोक्याचा. खाली सुतळीसारखं काहीतरी दाबलंय. ते जंगलातल्या लोहाराचं काम आहे, कारखान्याचं नाही. तुमचा वेल्डर पहिल्याच दिवशी म्हणेल, 'हे कापून मस्त प्लेन करून देतो.' करू देऊ नकोस. टाकीत पाणी ठरत नसेल तर आतून प्लास्टिकची वेगळी टाकी ठेवा, बाहेरचं ठिगळ तसंच राहू द्या. इंजिन मेकरचं होतं तेव्हा त्याच्यासारखी आणखी होती, ते एकुलतं एक झालं ते या ठिगळामुळे. इतकी इंजिनं काळ्याकुळकुळीत रंगात आणि लाल पट्ट्यात नटवून चौकात उभी केलेली पाहिली आहेत की आता रंगाचा डबा दिसला तरी मला धडकी भरते.

पण हा सगळा हळवेपणा बॉयलरपाशी संपतो. जे दाब धरतं त्यात जुनं जपायचं नाही, आणि जे दाब धरत नाही ते होईल तितकं जुनंच ठेवायचं. कुठलाही भाग हातात घेतलास की आधी एवढंच विचार.

गंमत अशी की डोळे इथे फसवतात. स्मोकबॉक्सचा, म्हणजे चिमणीखालच्या धुराच्या पेटीचा, तळ पार सडलेला पाहून तुमच्यापैकी कुणी घाबरलं असेल. राख साचते, पावसाचं पाणी चिमणीतून पडतं, राख ओलीच राहते आणि पत्रा गंजतो. पण स्मोकबॉक्समध्ये वाफेचा दाब नसतोच, तिथला पत्रा नवा घालता येतो. खरी भीती त्याच्या मागच्या ट्यूबप्लेटच्या, म्हणजे बॉयलरच्या नळ्या ज्यात बसतात त्या प्लेटच्या, खालच्या कडेची. आणि फायरबॉक्सच्या, म्हणजे जाळाच्या पेटीच्या, तळाशी, जिथे गाळ बसतो त्या कोपऱ्यांची, जे बाहेरून अगदी ठणठणीत दिसतात. हिंगण्याला किंवा बुटीबोरीला अल्ट्रासॉनिकने जाडी मोजणारे मिळतात. संपूर्ण बॉयलरवर खडूने चौकटी आखून प्रत्येक चौकटीचं माप लिहून घ्या. फायरबॉक्सच्या आतल्या-बाहेरच्या भिंती बांधून ठेवणारे स्टेबोल्ट हातोडीने वाजवून बघा, तुटलेल्याचा आवाज बद्द येतो. पण बॉयलरवरचं आवरण काढण्याआधी थांबा. पत्र्याखालचा पांढरट लगदा ॲस्बेस्टॉस असू शकतो. तो तपासून घेतल्याशिवाय आणि जाणकार माणसाशिवाय खरवडायचा नाही, साधा रुमाल बांधूनही नाही.

परवानगीचं काम राज्याच्या बाष्पके संचालनालयाकडे. १९२३ च्या जुन्या कायद्याच्या जागी आता २०२५ चा कायदा आलाय, तेव्हा कुणाच्या जुन्या फाइलीवरून अर्ज उतरवू नकोस. निरीक्षकाला शेवटी बोलवायचं नसतं. मापांचा तक्ता तयार झाला की दुरुस्तीआधीच त्याला दाखव. बॉयलरवर कोण वेल्डिंग करणार, कोणती प्लेट वापरणार, हे त्याच्या मंजुरीनेच ठरतं. चाचणी पाण्याची असते, ठरलेल्या दाबाच्या दीडपट. अशा छोट्या इंजिनांचा दाब साधारण चौरस इंचाला १४० ते १८० पौंड असायचा. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे चीर असली तर धार लागते आणि काटा उतरतो, बस. कुणी म्हणालं, 'कंप्रेसरची हवा भरून लीक बघून घेऊ,' तर त्याला त्या दिवशी घरी पाठव. दाबलेली हवा बॉयलर फाडते, आणि एक लिटर पाण्याची मोकळ्यावर सोळाशे लिटरहून जास्त वाफ होते, हेही त्याला ऐकव.

तक्ता वाईट आला तर? तर इंजिन उभंच राहील. तुमच्या पोरांना वाईट वाटेल. मला नाही वाटणार. चाकं फिरतात, रॉड हलतात, टाकीवरचं ठिगळ दिसतं, एवढं झालं तरी ते इंजिन बोलतं. हवं तर कुणी नवा बॉयलर करायचं ठरवील, दहा वर्षांनी का होईना. जुना फेकू नका, शेजारी ठेवा.

माणसं शोध. शकुंतला १९९४ पर्यंत वाफेवर चालत होती, म्हणजे तिच्यावर हात काळे केलेले लोक अजून यवतमाळ-मूर्तिजापूरकडे भेटतील. त्यांना व्हिडिओसाठी नको, इंजिनापाशी आण. बोलण्यापेक्षा त्यांचे हात कुठे जातात ते बघ. कॅबची फळी मात्र नागपूरच्या लकडगंजातूनच घे. सागाची घे, आणि नवी आहे हे कळावं म्हणून खालून तारीख कोरून ठेव.

पाऊस तोंडावर आहे. चिमणीचं तोंड आधी बंद करा, स्मोकबॉक्समधली राख काढून कोरडी करा, पिंपळ ओढू नका, बुंध्याशी कापा, नाहीतर मुळांसोबत पत्रा येईल. ताडपत्री इंजिनाला चिकटवून नको, बांबूवर उंच बांधा, आतून हवा खेळू दे. जाडीची मापं आली की तक्ता पाठव. निरीक्षकाकडे जायच्या दिवशी मी येतो.

तुझा,
काका